सप्तकाचे भाग किती करावेत?

शाळेतल्या समूहगीताच्या तालमीत एक प्रसंग हमखास येतो. पेटी चालू असते, मागे तंबोरा (आता बहुधा इलेक्ट्रॉनिक) लावलेला असतो. एखादी मुलगी शुद्ध गंधारावर थांबते. बाई म्हणतात, "गंधार उतरतोय, पेटीकडे लक्ष दे." मुलगी पेटीकडे कान देते, गंधार किंचित चढवते आणि तंबोरा ऐकू आला की पुन्हा खाली येते. सा किंवा पंचम लावताना असे होत नाही. मग गंधारालाच काय होते? आणि चूक कोणाची? मुलीची, पेटीची की तंबोऱ्याची?

या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, आणि ते गणित नववी-दहावीच्या पलीकडचे नाही. त्याच्या वाटेने चालत गेलो की आपण एका जुन्या आणि मोठ्या प्रश्नापाशी पोहोचतो: सप्तकाचे समान भाग करायचे झाले, तर ते किती करावेत? पेटी बनवणारे म्हणतात बारा. आपली परंपरा बावीस श्रुतींची भाषा बोलते. कोणी एकतीस सुचवले, कोणी त्रेपन्न. या आकड्यांची तुलना कशी करायची, ते आज पाहू.

तारेवर दिसणारे स्वर

एका फळीवर दोन घोड्यांमध्ये ६० सेंटिमीटर लांबीची तार ताणून बसवू. मोकळी तार छेडल्यावर येणाऱ्या स्वराला सा म्हणू. आता ताण न बदलता एक सरकती घोडी तारेखाली घेऊ. कंप पावणारा भाग ३० सेंमी ठेवला की वरचा सा मिळतो. ४० सेंमीवर पंचम, ४५ सेंमीवर शुद्ध मध्यम आणि ४८ सेंमीवर शुद्ध गंधार मिळतो. तारेची लांबी आणि कंपनसंख्या व्यस्त प्रमाणात असतात. म्हणून सा दर सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर वरचा सा ४८०, पंचम ३६०, मध्यम ३२० आणि गंधार ३०० कंपनांचा होतो. सा च्या तुलनेत ही गुणोत्तरे २, ३/२, ४/३ आणि ५/४ अशी आहेत.

लहान लहान पूर्णांकांची ही गुणोत्तरे कानाला गोड का लागतात? तारेचा किंवा पेटीच्या पत्तीचा स्वर एकटा नसतो. त्याच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे उपस्वरही असतात. २४० च्या सा मध्ये १२०० कंपनांचा पाचवा उपस्वर असतो. ३०० च्या गंधाराची चौपटही १२००च. दोघे तिथे अचूक भेटतात आणि आवाज शांत, एकजीव होतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला गायक 'स्वयंभू गंधार' म्हणतात. तो हाच पाचवा उपस्वर, एक-दोन सप्तके वरचा.

पेटीवरचा गंधार मात्र ३०० चा नसतो. तो जवळजवळ ३०२.४ चा असतो. त्याची चौपट १२०९.५ होते. १२०० आणि १२०९.५ हे दोन स्वर एकत्र वाजले, की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज वाढतो आणि कमी होतो. यालाच आपण भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतो. पेटीवर सा आणि शुद्ध गंधार एकदम दाबून धरल्यास ही थरथर ऐकू येते. पेटीचा पंचम ३५९.६ चा असतो, म्हणजे शुद्ध पंचमाच्या इतका जवळ, की तिथे सेकंदाला पुरता एक विस्पंदही होत नाही.

म्हणजे आपल्या मुलीचा कान तंबोऱ्याशी इमान राखत होता. मग पेटी बनवणाऱ्याने गंधार असा चढा का ठेवला?

दोन आणि तीन यांचा मेळ

समजा, आपण एक पेटी अगदी शुद्ध गुणोत्तरांत लावली. पांढरी एक म्हणजे सा, २४० कंपनांचा. रिषभ ९/८ म्हणजे २७०, धैवत ५/३ म्हणजे ४००. या सा वर ही पेटी फार गोड वाजेल. आता दुसरी मुलगी गायला आली. तिचा आवाज उंच, म्हणून तिने पांढरी दोन हा सूर मागितला. आता २७० हा सा झाला. त्याचा पंचम हवा ४०५ चा, पण पट्टीवर आहे ४००. हा पंचम सरळसरळ बेसूर वाजतो. म्हणजे शुद्ध पेटी एकाच सुराची बांधील राहते, सा बदलला की नवी पेटी हवी.

मग अशी स्वरमाला शोधू, की जिच्यात कोणताही सूर सा धरता येईल. एका सा पासून पंचम घेऊ, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम घेऊ आणि असेच वर चढत जाऊ. दर पायरीला कंपनसंख्या दीडपट होईल. कधीतरी आपण पुन्हा सा वर येऊ का? बारा पायऱ्यांनंतर १.५ चा बारावा घात होतो १२९.७५. सात सप्तके वरचा सा मात्र २ चा सातवा घात, म्हणजे १२८ पट. जवळ आलो, पण भेट झाली नाही.

ही भेट कधीच होणार नाही, हे दोन ओळींत सिद्ध करता येते. पंचमाच्या काही पायऱ्या आणि काही सप्तके तंतोतंत जुळली असे समजा. मग ३ चा कोणता तरी घात २ च्या कोणत्या तरी घाताइतका असला पाहिजे. पण ३ चे सर्व घात विषम आणि २ चे सर्व घात सम. विषम आणि सम संख्या समान असू शकत नाहीत.

पंचांगात अशीच अडचण येते. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात आणि सौर वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे असते. ही दोन मापे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून मधूनमधून अधिक मास घालावा लागतो. तरी १९ वर्षांत जवळजवळ २३५ चांद्रमास बसतात. म्हणजे अचूक मेळ नसला, तरी काही आकड्यांपाशी मेळ खूप जवळ येतो. संगीतातही असेच भाग्यवान आकडे आहेत. पंचमाच्या शिडीवर ५, १२, ४१ आणि ५३ या पायऱ्यांवर आपण सा च्या आधीपेक्षा अधिकाधिक जवळ येतो. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात जिंग फांग या विद्वानाच्या लक्षात आले होते, की त्रेपन्न पंचम म्हणजे जवळजवळ एकतीस सप्तके.

समान भाग म्हणजे काय?

बारा पायऱ्यांनंतर उरलेली लहानशी फट बाराही पंचमांत सारखी वाटून टाकली, की प्रत्येक पंचम नकळत उतरतो आणि शिडी सा वर येऊन मिळते. सप्तकाचे बारा समान भाग होतात. इथे 'समान' म्हणजे बेरजेने नव्हे, गुणाकाराने समान. दर पट्टीला कंपनसंख्या २ च्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने गुणली जाते. हा हिशेब चीनच्या झू झाइयू यांनी १५८४ साली पुष्कळ अंकांपर्यंत करून ठेवला होता. पुढे काही वर्षांत युरोपात सायमन स्टेविन यांनीही तो मांडला.

गुणाकार हाताळायला अवघड, म्हणून इंग्लंडमधील अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात 'सेंट' हे माप वापरले. सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. कोणत्याही गुणोत्तराचे सेंट काढायला लॉगचे तक्ते पुरतात: गुणोत्तराच्या लॉगला २ च्या लॉगने भागा आणि १२०० ने गुणा. पंचमासाठी ०.१७६१ भागिले ०.३०१०, गुणिले १२००, म्हणजे ७०२ सेंट. गंधारासाठी ०.०९६९ घेऊन ३८६ सेंट. पेटीचा पंचम ७०० सेंटचा आणि गंधार ४०० चा. पंचम दोनच सेंट उतरता, गंधार मात्र १४ सेंट चढा. बारा भागांनी पंचमाची उत्तम सोय केली आणि त्याची किंमत गंधाराने दिली.

आकड्यांची परीक्षा

आता तुलनेचा नियम ठरवू. सप्तकाचे कितीही समान भाग करा. शुद्ध पंचमाच्या (७०२.०) आणि शुद्ध गंधाराच्या (३८६.३) सर्वांत जवळ कोणता भाग येतो आणि किती चुकतो, ते पाहायचे. सर्व मापे सेंटमध्ये आहेत. अधिक म्हणजे चढा, उणे म्हणजे उतरता.

| एकूण भाग | एका भागाचे माप | पंचम कितव्या भागावर | पंचमाची चूक | गंधार कितव्या भागावर | गंधाराची चूक |
|---|---|---|---|---|---|
| ७ | १७१.४ | ४ | −१६.२ | २ | −४३.५ |
| १२ | १००.० | ७ | −२.० | ४ | +१३.७ |
| १९ | ६३.२ | ११ | −७.२ | ६ | −७.४ |
| २२ | ५४.५ | १३ | +७.१ | ७ | −४.५ |
| २४ | ५०.० | १४ | −२.० | ८ | +१३.७ |
| ३१ | ३८.७ | १८ | −५.२ | १० | +०.८ |
| ४१ | २९.३ | २४ | +०.५ | १३ | −५.८ |
| ५३ | २२.६ | ३१ | −०.१ | १७ | −१.४ |

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की भाग वाढवले म्हणून स्वर सुधारतातच असे नाही. २४ ची ओळ पाहा. पट्ट्या दुप्पट झाल्या, पण पंचम आणि गंधार जिथल्या तिथे राहिले, कारण नव्या पट्ट्या जुन्यांच्या बरोबर मध्ये पडल्या. अरब संगीताच्या आधुनिक सिद्धान्तात चोवीस भाग मानतात, पण तिथे उद्देश निराळा आहे. कोमल आणि शुद्ध यांच्या मधले स्वर त्या संगीताला लिहून दाखवायचे असतात.

दुसरी गोष्ट, बाराचा आकडा लहान असूनही पंचमात फार भाग्यवान आहे. शंभर सेंटचे भाग असताना चूक पन्नासपर्यंत जाऊ शकली असती, ती दोनच आहे. बाराच्या पुढे पंचम त्याहून अचूक मिळायला एकदम २९ भागांपर्यंत जावे लागते. १९ आणि ३१ हे आकडे दुसऱ्या स्वभावाचे आहेत. ते पंचम थोडा सोडून देतात आणि गंधार कमावतात. ३१ भागांचा गंधार तर एका सेंटच्या आत अचूक आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९१ साली या एकतीस भागांवर लेख लिहिला. लंबकाचे घड्याळ बनवणारे आणि प्रकाशाचा तरंग-सिद्धान्त मांडणारे ते हेच हायगेन्स. पुढे त्यांचेच देशबांधव, भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी एकतीस भागांचा ऑर्गन बनवून घेतला. तो १९५० मध्ये हार्लेम येथील टायलर संग्रहालयात बसवण्यात आला.

५३ च्या ओळीत दोन्ही चुका नगण्य आहेत. ऑक्सफर्डचे रॉबर्ट बोझांकेट यांनी १८७० च्या दशकात त्रेपन्न भागांची पेटी खरोखर बनवली. तुर्कस्तानच्या अभिजात संगीताचा सिद्धान्तही त्रेपन्न भागांच्या मापाने चालतो. तिथे सा ते शुद्ध रिषभ या अंतराचे नऊ भाग मानतात. मग सगळ्याच पेट्या ५३ भागांच्या का नाहीत? वाजवणाऱ्याचा हात आठवून पाहा. एका सप्तकात त्रेपन्न पट्ट्या, तितक्याच पत्त्या, तितकेच सूर लावण्याचे काम! अचूकता वाढते तसा हाताचा बोजाही वाढतो.

बावीसचे काय?

आता आपल्या आकड्याकडे येऊ. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. सात स्वरांत त्यांची वाटणी ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी आहे. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते एकमेकांचे संवादी, असेही तिथे सांगितले आहे. सा ते पंचम हे अंतर तेरा श्रुतींचे. भरताने दोन वीणांचा प्रयोग दिला आहे, पण तारेच्या लांबीची मापे दिलेली नाहीत. त्यामुळे श्रुती समान की असमान, हा वाद पुढच्यांसाठी उरला.

आपले कोष्टक इथे कामी येते. बावीस समान भाग केले, तर तेरावा भाग ७०९ सेंटवर येतो, म्हणजे पंचम सात सेंट चढा. पेटीचा पंचम याहून कितीतरी चांगला. बोझांकेट यांनी १८७७ साली बावीस समान भागांचा हा विचार इंग्लंडच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. गंधार त्यात बऱ्यापैकी येतो, पण तंबोऱ्यावर पंचम इतका चढा धरणारा गवई आपल्याला सापडणार नाही.

श्रुती असमान धरल्या तर? पुस्तकांत आढळणाऱ्या एका प्रचलित कोष्टकात श्रुतींची अंतरे तीनच मापांची आहेत. ८१/८० म्हणजे सुमारे २२ सेंट, २५/२४ म्हणजे सुमारे ७१ सेंट आणि २५६/२४३ म्हणजे सुमारे ९० सेंट. पहिल्या मापाच्या दहा श्रुती, दुसऱ्याच्या पाच आणि तिसऱ्याच्या सात. एकूण बावीस. आता त्रेपन्न भागांतील एक भाग २२.६ सेंटचा आहे, हे आठवा. लहान श्रुती म्हणजे जवळजवळ एक भाग, मधली तीन भाग, मोठी चार भाग. दहा गुणिले एक दहा, पाच त्रिक पंधरा, सात चोक अठ्ठावीस. बेरीज करा: बरोबर त्रेपन्न! बावीस असमान श्रुती त्रेपन्न समान भागांच्या घरात सुखाने राहतात, बावीस समान भागांच्या घरात मात्र त्यांची कुचंबणा होते. याचा अर्थ भरताला त्रेपन्न भाग माहीत होते असा मुळीच नाही. एकाच २, ३ आणि ५ यांच्या गणितातून दोन्ही गोष्टी निघतात, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात हा विषय नुसता पुस्तकी राहिला नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन श्रुतींची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा तिच्यावर बराच वाद झाला. साध्या पेटीवरचा राग तर त्याहून मोठा होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांवर मनाई केली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली.

त्या वेळी पेटीवर दोन मुख्य आक्षेप होते. एक, तिचे स्वर समान भागांचे, म्हणून शुद्ध नाहीत. दोन, तिच्यावर मींड निघत नाही. पहिला आक्षेप भाग बदलून कमी करता येतो, हे आपण पाहिले. दुसरा मात्र त्रेपन्न काय, पाचशे भाग केले तरी सुटत नाही, कारण पट्टी म्हणजे थांबा आणि मींड म्हणजे वाट. शिवाय गळा ठरलेल्या बिंदूंवरच थांबतो, हेही खरे नाही. नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली उत्तर हिंदुस्थानी कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतील स्वर मोजले. स्वरस्थाने कलाकारागणिक बदलत होतीच, एकाच कलाकाराच्या एकाच वादनातही ती थोडी हलत होती. म्हणून कोणतेही कोष्टक गायकाला हुकूम देण्यासाठी वापरू नये.

पुन्हा तालमीत

आता सुरुवातीच्या प्रसंगाचा निवाडा करता येईल. तंबोरा पाचव्या उपस्वराचा, ३८६ सेंटचा गंधार देतो. पेटी ४०० चा देते, कारण तिला पांढरी एकपासून काळी पाचपर्यंत कुणाचाही सा सांभाळायचा आहे. मुलगी दोघींच्या मध्ये सापडली आहे. हल्ली मोबाइलवर स्वर मोजणारी ॲप मिळतात. त्यांतली बहुतेक बारा समान भागांवर बेतलेली असतात. तंबोऱ्यात अगदी मिसळून जाणारा गंधार मुलीने लावला, तर असे ॲप "१४ सेंट उतरता" असे दाखवील. तो आकडा पाहून तिला बेसूर ठरवण्याआधी आपण एवढेच विचारावे: उतरता, पण कोणाच्या तुलनेत?

सप्तकाचे भाग कितीही करा, चूक पूर्णपणे जात नाही. दोन आणि तीन यांचा मेळच तसा आहे. ती चूक पंचमाच्या पदरात टाकायची, गंधाराच्या, की वाजवणाऱ्याच्या बोटांवर, एवढी निवड मात्र आपल्या हाती असते. पेटी बंद करून तालमीची दहा मिनिटे केवळ तंबोऱ्यावर घेणे हाही त्या निवडीचाच एक भाग आहे, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

वर्गात करून पाहा

१. ६० सेंमीच्या तारेवर शुद्ध गंधाराची खूण ४८ सेंमीवर करा. बारा समान भागांतला गंधार ६० भागिले १.२५९९, म्हणजे ४७.६ सेंमीवर येतो. दोन खुणांत जवळजवळ चार मिलिमीटरचे अंतर दिसेल. पंचमाच्या दोन खुणांत (४० आणि ४०.०५ सेंमी) अर्धा मिलिमीटरही अंतर नाही. आधी डोळ्यांनी पाहा, मग कानाने ऐका.

२. पेटीवर सा आणि पंचम, मग सा आणि शुद्ध गंधार एकत्र धरा. भाता एकसारखा ठेवा. कोणत्या जोडीत थरथर जास्त आहे, हे विद्यार्थ्यांना डोळे मिटून ओळखू द्या.

३. १७ आणि ३४ भागांसाठी कोष्टकाच्या ओळी तयार करा. दोन्हींत पंचमाची चूक सारखीच का येते आणि गंधाराची मात्र एकदम कमी का होते? २४ च्या ओळीशी तुलना करून विद्यार्थ्यांना कारण शोधू द्या.